पाळण्याकडे पाठ

चौदाव्या मजल्यावरच्या घराची किल्ली मिळाली त्या सकाळी भीमराज खिल्लारेने कुलूप उघडलं, चपला दारातच काढल्या आणि तडक खिडकी गाठली. खिडकीला अजून जाळी बसली नव्हती. एका हाताने चौकट धरून त्याने कमरेपर्यंतचं अंग बाहेर काढलं आणि ओरडला, "शकु, अगं ये लवकर! आपलं घाटकोपर इथून कसं दिसतं बघ. आणि ती मेट्रो बघ, नुसती खेळण्यातली वाटते!"

शकु आली नाही. दाराच्या आत एक पाऊल टाकून ती तिथेच थांबली होती, हातातली पिशवी छातीशी धरून.

"बघते नंतर," ती म्हणाली, आणि नळाला पाणी येतंय का ते बघायला म्हणून मोरीत गेली.

तीसेक वर्षं ही दोघं घाटकोपरच्या डोंगरउतारावर बैठ्या घरात राहिली होती. वर पत्रा, समोर शेजारणीचं दार, मधून वाहणारं गटार. ती वस्ती पाडून तिथेच ही उंच इमारत उभी राहिली. मधली वर्षं भाड्याच्या खोलीत काढली, आणि सोडतीत चौदावा मजला निघाला. त्यांची मुलगी दर्शना पवईला एका कंपनीत कामाला होती. तिने आल्या आल्या रिकाम्या खोलीचे फोटो काढून मैत्रिणींना पाठवले. बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर कुठल्या भिंतीवर लावायची यावरून बापलेकीत थोडी हुज्जतही झाली. शकु मात्र दिवसभर दाराजवळच काही ना काही आवरत बसली.

नव्याची नवलाई ओसरली की येईल खिडकीशी, असं भीमराजला वाटलं. पण आठवडे गेले तरी ती त्या बाजूला फिरकली नाही. कपडे बाहेर व्हरांड्यात दोरी बांधून वाळत घालायची. खिडकीला तिने जुनी साडी पडद्यासारखी लावून टाकली. घाटकोपरवरून विमानं उतरतात, ती इथून अगदी डोळ्यांसमोरून जायची. भीमराज रोज सकाळी पडदा सारून, चहाचा कप घेऊन खिडकीच्या कट्ट्यावर चढून बसायचा आणि चौकटीला पाठ टेकून विमानं बघायचा. तो तिथे बसला की शकुला हटकून खाली काहीतरी काम निघायचं. कोथिंबीर संपलेली असायची, नाहीतर मीराताईकडे निरोप द्यायचा असायचा. मीराताई म्हणजे जुन्या गल्लीतली शेजारीण, तिला दुसरा मजला मिळाला होता. तिच्याकडे शकु तासन्तास बसायची आणि ऊन कलल्यावर वर यायची.

"आईला उंचीची भीती वाटतेय," दर्शना एकदा जेवताना म्हणाली. "आमच्या ऑफिसात एकीला होती. डॉक्टरने सांगितलं, हळूहळू सवय करायची. आधी थोडं वर, मग आणखी थोडं वर."

भीमराज हसला. "घाबरलेल्या माणसाला वर कसं न्यायचं, ते मला शिकवते होय?"

त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं, कारण त्याचं अर्धं आयुष्य त्यातच गेलं होतं.

हिंगोलीकडच्या एका गावातून तो दहावी नापास होऊन निघाला, तो एका फिरत्या आनंदमेळ्याबरोबर. मेळ्यात होता एक रहाटपाळणा. त्या काळी या पाळण्याला मोटर नव्हती. लाकडी चक्र, त्याला टांगलेल्या पेट्या, पेट्यांत बसलेली माणसं, आणि हे सगळं फिरायचं ते पोरांच्या वजनावर. दोन-तीन पोरं आऱ्यांवरून माकडासारखी वर चढायची, अगदी टोकाला जाऊन बाहेरच्या कडेला लोंबकळायची, आणि त्यांच्या भाराने चक्र खाली यायचं. जमिनीजवळ आलं की उडी मारून पुन्हा चढायचं. चक्राने वेग धरला की मग त्यातच खेळ. कुणी एका हाताने लटकायचं, कुणी चालत्या आऱ्यावर उभं राहून शिट्टी वाजवायचं. पेट्यांत बसलेल्या बायाबापड्या किंचाळायच्या ते निम्मं स्वतःच्या भीतीने आणि निम्मं या पोरांकडे बघून.

भीमराज त्या सगळ्यांत तरबेज. लाल शर्ट घालायचा, म्हणजे गर्दीला लांबून दिसावा. परभणी, जालना, बीड, पुढे नगरपर्यंत, जिथे जत्रा तिथे ते चक्र जायचं आणि चक्राबरोबर तो. आणि माणसांची नस त्याने तिथेच ओळखली. पेटीत पाय ठेवतानाच त्याला कळायचं, कोण वर गेल्यावर गप्प होणार, कोण रडणार, कोण खाली उतरल्यावर आपण घाबरलोच नव्हतो म्हणून सांगणार. गप्प होणाऱ्याला तो म्हणायचा, खाली बघू नका, ते लांबचं झाड दिसतंय ना, त्याच्यावर नजर ठेवा. रडणाऱ्याला म्हणायचा, मोठ्याने ओरडा, पोटातली भीती तोंडावाटे निघून जाते. अशा किती माणसांना त्याने वर नेऊन हसत खाली आणलं असेल, त्याला मोजदाद नाही.

शकुशी लग्न झालं तेव्हाही तो पाळण्यावरच होता. लग्नानंतर ती एक हंगाम त्याच्याबरोबर फिरली. चक्राच्या मागे मेळ्यातल्या लोकांच्या राहुट्या असायच्या. त्यांच्यापुढे चुली पेटायच्या, तिथे ती भाकऱ्या थापायची. मग दर्शना पोटात असताना ती घाटकोपरला मावशीकडे राहायला आली आणि तिथलीच झाली. भीमराज आणखी काही वर्षं जात-येत राहिला. पुढे पाळण्यांना मोटरा लागल्या, लोखंडी चक्रं आली, चढणाऱ्या पोरांची गरज उरली नाही. गुडघेही बोलायला लागले होते. तेव्हा तो पार्ल्यातल्या एका इस्पितळात लिफ्टमन म्हणून चिकटला आणि तिथूनच निवृत्त झाला. लोक विचारायचे, तर म्हणायचा, "काम तेच हो. माणसं वर न्यायची, खाली आणायची. फक्त इथे कोणी टाळ्या वाजवत नाही."

तर नाताळच्या सुट्टीत मुलुंडच्या मैदानावर आनंदमेळा लागला, आणि त्यातला आकाशपाळणा मधुकरचा आहे हे भीमराजला समजलं. मधुकर हा त्याच चक्रावर त्याच्याबरोबर चढणारा जुना सोबती. आता तो पोट सुटलेला मालक झाला होता. भीमराजने त्याला फोन केला, आणि गर्दी नसेल अशा दुपारच्या वेळी शकुला घेऊन निघाला.

"कुठे नेताय?" तिने रिक्षात विचारलं.

"मधुकरला भेटायला."

"आणि?"

"आणि काय? जरा फिरू. लग्नानंतर तुला कधी फिरवलं का मी?"

शकुने त्याच्याकडे बघितलं. तिला काय ते उमजलं होतं.

दुपारचा मेळा पेंगुळलेला असतो. भेळवाला कांदा चिरत होता, मौत का कुआँच्या फळ्यांवर कोणीतरी शर्ट वाळत घातले होते, आणि लहान मुलांच्या रबरी घसरगुंडीत पंख्याने हवा भरणं चालू होतं. मधुकरने दोघांना मिठीच मारायची बाकी ठेवली. "वहिनी, आज सगळं तुमच्यासाठी. जिथे वाटेल तिथे बसा."

भीमराजने मनात पायऱ्या आखल्या होत्या. आधी घोड्यांची चक्री. शकु एका पांढऱ्या घोड्यावर पदर खोचून एका अंगाने बसली, आणि दोन फेऱ्यांनंतर म्हणाली, "हे तर पोरांचं आहे." मग ड्रॅगनची गाडी. ती वळणावर खडखडली तेव्हा शकु हसली. त्याला बरं वाटलं. मग त्याने तिला होडीत बसवलं. ही होडी दोन खांबांच्या मध्ये झोके घेते, आणि झोका चढत चढत इतका वर जातो की टोकाच्या माणसाला क्षणभर आपण खाली कोसळतोय असं वाटतं. भीमराज शेजारी बसून सांगत होता, "लांब बघ. तो टॉवर आहे ना, त्याच्यावर नजर ठेव. ओरडावंसं वाटलं तर ओरड."

शकु ओरडली, पण आनंदाने. केस सुटले, टिकली कुठे गेली पत्ता नाही. खाली उतरल्यावर ती दम खात म्हणाली, "परत जाऊ या ना."

दुसऱ्यांदा तर ती अगदी टोकाच्या बाकावर जाऊन बसली.

भीमराज बुचकळ्यात पडला. ज्या बाईला खिडकीशी यायला नको, ती होडीच्या टोकावर! त्याने आयुष्यात इतकी घाबरट माणसं बघितली होती, पण असलं घाबरणं बघितलं नव्हतं. मग त्याने स्वतःची समजूत घातली, की आपली युक्ती लागू पडली. आता एकच शिल्लक होतं.

आकाशपाळण्यात दोघं समोरासमोर बसली. मधुकरने कळ दाबली आणि पेटी हलकेच वर सरकली. आधी तंबूंची टोकं खाली गेली, मग झाडं, मग रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या. वर पोचल्यावर एका बाजूला येऊरचे डोंगर आणि दुसऱ्या बाजूला मिठागरं, त्यापलीकडे खाडीची चमकती रेघ. शकुने हात मांडीवर ठेवले होते. चेहरा शांत.

"भीती वाटते?" त्याने विचारलं.

"नाही. छान वाटतंय. वारा आहे."

"मग घरी काय होतं तुला?"

तेवढ्यात खाली कुठलंसं कुटुंब बसायला आलं म्हणून मधुकरने चक्र थांबवलं. यांची पेटी नेमकी शेंड्यावर. पुढची रिकामी पेटी वाऱ्याने हेलकावत होती आणि तिच्या दाराची कडी निसटून खणखण वाजत होती. भीमराजच्या कानाला तो आवाज सहन होईना. कडी उघडी ठेवून पेटी फिरवायची नसते. आपलं वय, आपले गुडघे, सगळं विसरून तो उभा राहिला, एक पाय कडेच्या पट्टीवर ठेवला, एक हात वरच्या दांड्याला, आणि बाहेर झुकून खाली ओरडला, "मध्या, पुढच्या पेटीची कडी बघ रे!"

मागून त्याचा शर्ट ओढला गेला. इतक्या जोरात, की वरचं बटण तुटलं.

तो वळला. शकुने दोन्ही मुठींत त्याचा शर्ट धरला होता. तोंड पार पलीकडे फिरवलेलं, डोळे गच्च मिटलेले, ओठ पांढरे पडलेले.

"बसा," ती म्हणाली. "खाली बसा. बसा हो."

तो बसला. तरी तिने मुठी सोडल्या नाहीत. पाळणा पुन्हा सुरू झाला, दोन फेऱ्या झाल्या, खालून मधुकरने हात हलवला. यातलं काहीच तिने बघितलं नाही. खाली उतरल्यावरच तिने मुठी सोडल्या. भीमराजने तिला तिकिटांच्या खोक्यामागे एका खुर्चीवर बसवलं. मधुकरने चहा पाठवला आणि शहाण्यासारखा लांब राहिला.

मग शकुच म्हणाली, "मार्तंडभावजी पडले ना, तेव्हा मी बघत होते."

भीमराजचा हात कपावर तसाच राहिला.

मार्तंड जेजुरीकडचा. भीमराजच्या बरोबरीचा, त्याच चक्रावरचा. बीडकडच्या एका जत्रेत, ऐन गर्दीच्या वेळी, आऱ्यावरून त्याचा पाय सटकला. चक्र भरात होतं. भीमराज तेव्हा समोरच्या आऱ्यावर होता. त्याने फक्त आवाज ऐकला, आणि खाली आला तेव्हा लोकांनी कडं केलं होतं. मार्तंड तिथल्या तिथे गेला. तेरवीच्या आत चक्र पुन्हा फिरायला लागलं, कारण जत्रा थांबत नाही. त्या रात्री भीमराजने शकुला एवढंच सांगितलं होतं, की मार्तंडचं लक्ष नव्हतं, माझं असतं. त्यानंतर हा विषय दोघांत कधीच निघाला नाही.

"तुम्ही परत चढायला लागलात," शकु म्हणाली, "तेव्हापासून मी पाळण्याकडे पाठ करून चूल मांडायला लागले. बाकीच्या बायका म्हणायच्या, अगं, तुझा नवरा बघ कसा लटकलाय, लोक टाळ्या वाजवतात. मी म्हणायचे, भाकरी करपेल. वळून बघितलं नाही मी कधी. नुसती ऐकायचे. चक्र करकरत असलं म्हणजे सगळं ठीक. मधेच थांबलं की हातातलं पीठ हातात राहायचं. मग परत करकर सुरू झाली की भाकरी थापायची."

"मला वाटलं, तुला त्या गर्दीचा कंटाळा येतो."

"तुम्ही विचारलं कुठे?"

तिनेच पुढे सांगितलं. "मला उंचीचं काही नाही हो. तुम्ही घरात नसता तेव्हा मी येते खिडकीशी. विमानं बघते. पण तुम्ही त्या कट्ट्यावर चढून बसता, अर्धं अंग बाहेर काढता, तेव्हा मला मार्तंडभावजीच दिसतात. मी काय करणार? मग खाली मीराकडे जाते."

समोर ड्रॅगनची गाडी रिकामीच गोल फिरत होती. शेकडो परक्या माणसांची भीती आपण तोंडावरून ओळखत होतो, या गोष्टीचा भीमराजला फार अभिमान होता. आणि घरातली बाई रोज खाली निघून जात होती, तर आपण तिला टॉवरवर नजर ठेव म्हणून सांगत होतो. त्याला स्वतःचा राग आला, पण त्याहून जास्त त्याला त्या चुलीसमोरच्या पोरीचं वाईट वाटलं. एकोणीस-वीस वर्षांची असेल ती तेव्हा. पोटात मूल, आणि नुसत्या कानांनी नवऱ्याची राखण करत बसलेली.

"मला पण वाटायची," तो शेवटी म्हणाला.

"काय?"

"भीती. मार्तंड गेल्यावर. आधी नव्हती. नंतर दर वेळी चढताना वाटायची. म्हणून तर जास्त शिट्ट्या वाजवायचो."

शकुने पहिल्यांदाच मान वळवून त्याच्याकडे नीट बघितलं. "मग सोडलं का नाही?"

"दुसरं काय येत होतं मला? आणि खरं सांगू? वर असलं की लोक टाळ्या वाजवायचे. गावात आम्हाला कोणी दारात उभं करत नव्हतं. तिथे मात्र सगळं गाव मान वर करून बघायचं." तो थांबला. "तूही बघत असशील, असं वाटायचं मला. दर फेरीला मी चुलीकडे बघायचो. धूर दिसायचा आणि तुझं डोकं दिसायचं. तोंड कधी दिसलं नाही, पण मी म्हणायचो, आत्ताच वळली असेल."

शकु रडली नाही. तिने त्याच्या शर्टावरची तुटलेल्या बटणाची जागा चिमटीत धरली, दोरा राहिलाय का ते बघितलं आणि म्हणाली, "चहा थंड झाला."

त्या आठवड्यात भीमराजने खिडकीला लोखंडी जाळी बसवून घेतली. कट्ट्यावर बसायचं सोडलं. सकाळचा चहा तो आता खुर्चीवर घेतो, खिडकीपासून हातभर आत. सुरुवातीला त्याला ते अवघड गेलं, मधेच उठून कट्ट्याकडे पाय वळायचे. शकुने साडीचा पडदा काढला, तोही लगेच नाही, धुवायच्या निमित्ताने, आणि मग तो परत लावलाच नाही. सगळं निवळलं असंही नाही. अजूनही तो दिवा बदलायला स्टुलावर चढला की ती व्हरांड्यात निघून जाते आणि तिथून विचारते, "झालं का?" पूर्वी तो हसला असता. आता म्हणतो, "उतरतोय, उतरतोय," आणि खरंच उतरतो. मार्तंडचं नावही आता घरात निघतं. तो किती चांगला पोवाडा म्हणायचा हे दर्शनाला परवा पहिल्यांदाच कळलं. ती म्हणाली, "पप्पा, एवढ्या वर्षांत हे बोलला का नाहीत तुम्ही?" भीमराजने शकुकडे बघितलं, शकुने त्याच्याकडे.

मेळा उठायच्या आधीच्या रविवारी शकुने एक बेत काढला. मीराताई आणि जुन्या गल्लीतल्या आणखी चार बायका, सगळ्या साठीच्या अल्याडपल्याडच्या, त्यांना घेऊन ती मुलुंडला गेली. मीराताई होडी बघूनच म्हणाली, "मी नाही बाई, माझी वाट लागेल."

"काही नाही होत गं," शकुने तिला दंडाला धरून चढवलं. "घाबरलीस तर जोरात ओरड. आणि खाली बघू नको, माझ्याकडे बघ."

होडी हलायला लागली. सहाही जणी एकदम किंचाळल्या, मग शिव्या दिल्या, मग हसत सुटल्या. खालच्या कठड्याशी भीमराज उभा होता. बायकांनी काढून ठेवलेल्या चपला त्याच्या पायाशी, कोणाची पर्स खांद्याला, कोणाचा चष्मा हातात. शेजारी मधुकर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "तू का नाही बसलास रे?"

"चपला कोण बघणार?" भीमराज म्हणाला, आणि मान वर करून होडीकडे बघत राहिला.